नागपूर-पुणे नव्वद मिनिटे. कवठे येमाई-पुणे किती?

जुलै २०२३ मध्ये नागपुरात मेंदूमृत घोषित झालेल्या एका महिलेच्या कुटुंबाने अवयवदानाला होकार दिला. तिचे हृदय पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिओ-थोरॅसिक सायन्सेसमध्ये प्रतीक्षेत असलेल्या हवाई दलाच्या एका जवानाला जुळले. हवाई दलाने आपले एएन-३२ विमान दिले, वाहतूक पोलिसांनी ग्रीन कॉरिडॉर करून रस्ते मोकळे ठेवले, आणि ते हृदय नागपूरहून पुण्याला नव्वद मिनिटांत पोहोचले. बातम्यांमध्ये ‘सातशे किलोमीटर, नव्वद मिनिटे’ असे आकडे ठळक छापून आले होते.

त्यातला सातशेचा आकडा रस्त्याच्या अंतराच्या जवळचा आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोलावर सरळ अंतर काढले, तर ते सहाशे किलोमीटरच्या आसपास भरते. ही रेषा नकाशावर पट्टी ठेवून काढून पाहा. शेवटच्या टप्प्यात ती आमच्या शिरूर तालुक्यावरून, रांजणगाव गणपतीच्या जवळून लोहगावकडे जाते. शिवाय पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरते. म्हणजे लोहगावला उतरणारी विमाने त्या दिवसांत बहुधा पूर्वेकडून, आमच्याच बाजूने खाली येत असतात. तेव्हा ते हृदय आमच्या तालुक्याच्या डोक्यावरून गेले, असे म्हणायला फारशी हरकत नसावी.

हे मी कौतुकानेच लिहितो आहे. पण ज्या तालुक्यावरून ते गेले, तिथल्या माणसाच्या छातीत असलेल्या हृदयाला पुण्याला पोहोचायला किती वेळ लागतो, हा हिशेब कुणी मांडत नाही. या लेखात तो मांडायचा आहे. त्यासाठी आधी विमानाचा हिशेब नीट समजून घेऊ.

विमानाचा वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, असे आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, वर चढणे, उतरण्याआधी वळसा घेणे, खाली परवानगीची वाट पाहणे, हे सगळे त्यात धरावे लागते. वाऱ्याचा भाग वेगळाच. हिवाळ्यात उंचावरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून पुण्याहून नागपूरला जाताना तो पाठीशी असतो आणि परत येताना समोर. तीच दोन शहरे, तेच अंतर, पण जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा. एएन-३२ हे पंख्यांचे विमान. प्रवासी जेटपेक्षा बरेच हळू. तरी प्रवासी विमानाच्या वेळापत्रकाची वाट न पाहता ते हवे तेव्हा निघू शकले, आणि अशा प्रसंगी वेगापेक्षा याचे मोल जास्त असते.

कारण हृदयाचे घड्याळ वेगळ्या ठिकाणी सुरू होते. दात्याच्या महाधमनीला चिमटा लावून रक्तप्रवाह थांबवला, की वेळ मोजायला सुरुवात होते. दुसऱ्याच्या छातीत ते जोडून रक्त पुन्हा वाहू लागेपर्यंतचा काळ साधारण चार तासांच्या आत राहावा, असा नियम पाळला जातो. फुप्फुसांना थोडा अधिक वेळ मिळतो, यकृताला आठ-दहा तास, मूत्रपिंडाला तर एक दिवसही चालतो. हृदय मात्र घाईचे. या चार तासांत काय काय बसवायचे ते पाहा. नागपूरच्या रुग्णालयातून विमानतळ अर्धा तास धरा, उड्डाण दीड तास, लोहगावहून रुग्णालय अर्धा तास, आणि टाके घालून जोडण्याचे काम एक तास. झाले साडेतीन तास. उरलेल्या तीस मिनिटांत सगळ्या अडचणी मावल्या पाहिजेत. सिग्नल बंद ठेवणारा पोलीस शिपाई इथे शल्यचिकित्सकाइतकाच कामाचा असतो, तो यामुळे.

डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले, तेव्हा दाता आणि रुग्ण शेजारशेजारच्या शस्त्रक्रियागृहांत होते. आज दाता नागपुरात आणि रुग्ण पुण्यात असू शकतो, याचे बरेचसे श्रेय थंडीला आहे. पेशी दहा अंशांनी थंड केली, की तिची ऊर्जेची गरज साधारण निम्मी होते. शरीराच्या ३७ अंशांवरून बर्फाच्या पेटीतल्या चार अंशांपर्यंत आणले, की ती दहाव्या हिश्श्यावर येते. पेशी जणू गाढ झोपते. झोपेतही ती थोडे खातेच, म्हणून चार तासांची मर्यादा.

आपल्या राज्यात या वाटपासाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय समन्वय केंद्रे आहेत. दोन विभागांमध्ये अवयव पाठवायचा, तर मधला दुवा म्हणजे विमानतळ. इथे एक मुद्दा सांगून पुढे जातो. राज्यातले छोटे विमानतळ आपण तिकिटाच्या दरावरून आणि प्रवाशांच्या संख्येवरून तोलतो. अवयव काढण्याची शस्त्रक्रिया अनेकदा रात्री होते. घरच्यांशी बोलणे, चाचण्या, कागदपत्रे यांत दिवस निघून जातो. ज्या धावपट्टीवर अंधार पडल्यावर विमान उतरू शकत नाही, ती हृदयाच्या दृष्टीने अर्धाच दिवस अस्तित्वात असते. शिर्डीचे विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाले, पण तिथे रात्री विमान उतरायला पुढे काही वर्षे जावी लागली. ‘उडान’ योजनेतल्या प्रत्येक विमानतळाबद्दल हा प्रश्न विचारायला हवा.

आता जमिनीवर येऊ.

कवठे येमाईच्या एखाद्या मळ्यातला पंचावन्न वर्षांचा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. मला त्यासाठी कल्पनाशक्ती लागत नाही. असे रुग्ण तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी डॉक्टरने पाहिलेले असतात. शेतीची वीज रात्रीची असल्यामुळे तो पाणी द्यायला बाहेर पडला आहे. दोन वाजता छातीत दडपण आले, घाम फुटला. त्याला वाटले पित्त झाले. घरी येऊन त्याने सोडा घेतला, ओवा चावला, पाठीला तेल लावून घेतले. पाऊण तास असाच गेला. मग मुलगा उठला. भावाला फोन झाला, भावाची गाडी दुसऱ्या वस्तीवर. आमच्या भागात बिबट्यामुळे रात्री एकट्याने वस्तीवरून निघायला लोक धजत नाहीत, आणि ती भीती खोटी नाही. दोघे-तिघे जमले, बॅटऱ्या घेतल्या, गाडी निघाली तेव्हा साडेतीन वाजले होते. मलठणमार्गे शिरूरला जायचे, की दुसरीकडून मंचरला, यावर रस्त्यातच चर्चा. सव्वाचारला कुठल्यातरी रुग्णालयात पोहोचले, ईसीजी निघाला, ‘झटका मोठा आहे, पुण्याला न्या’ असे सांगण्यात आले. नगर रस्त्याने शिक्रापूर, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली. पहाट असली तर नशीब. सकाळचे नऊ वाजले असते, तर वाघोलीलाच अर्धा-पाऊण तास गेला असता. पुण्यात पोहोचून, कागद होऊन, कॅथलॅबची माणसे जमून, बंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने उघडेपर्यंत सात वाजून गेले.

पाच तास झाले. नागपूरच्या हृदयाला चारच दिले होते, आणि तेही बर्फात होते.

या माणसाचे हृदय ३७ अंशांवर आहे, झोपलेले नाही, उलट भीतीने अधिक जोरात धडधडते आहे. रक्तवाहिनीत गुठळी अडकून जो भाग उपाशी पडला आहे, तिथल्या पेशी साधारण वीस ते तीस मिनिटांनंतर कायमच्या मरू लागतात. हे मरण हृदयाच्या आतल्या थरापासून सुरू होऊन बाहेरच्या थराकडे सरकत जाते आणि काही तासांत बहुतेक पूर्ण होते. त्यानंतर वाहिनी उघडली तरी फायदा थोडाच. माणूस वाचला, तरी पुढे दोन पावले चालल्यावर धाप लागणारे हृदय घेऊन जगतो. त्याची शेती मुलाकडे जाते, नाहीतर पडीक राहते.

कवठे येमाईहून पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांचे अंतर, कुठल्या वाटेने जाल त्यानुसार, सत्तर ते ऐंशी किलोमीटर. लोहगावच्या धावपट्टीचे सरळ रेषेतले अंतर पन्नासेक. हवाई दलाच्या त्या विमानाला ते सहा-सात मिनिटांचे. हे ऐकले की लगेच कुणीतरी म्हणते, मग हेलिकॉप्टर द्या. ही मागणी मी गावच्या सत्कार समारंभांतही ऐकली आहे. ऋषिकेशच्या एम्समध्ये २०२४ पासून हेलिकॉप्टर रुग्णवाहिका सुरू झाली, आणि डोंगराळ उत्तराखंडात ती हवीच. पण आमच्या शेतकऱ्याचे पाच तास पुन्हा बघा. त्यातला गाडीचा प्रवास दोन तासांच्या आतबाहेर आहे. बाकीचे तीन तास घरात, वस्तीवर आणि रुग्णालयांच्या दारात गेले. हेलिकॉप्टर फक्त प्रवासाचा वेळ कमी करेल, आणि रात्री मळ्यात उतरणार नाहीच. विमानतळाचेही तेच. खेडला विमानतळ होणार, ही चर्चा आमच्या भागाने अनेक वर्षे ऐकली, मग विषय पुरंदरला गेला. (विमानतळाचे नाव निघाले की आमच्याकडे आधी जमिनीचे भाव निघतात, आरोग्याचा मुद्दा भाषणापुरता.) तो कुठेही झाला, तरी रात्री दोनला छातीत दुखणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

त्याला उपयोग आहे तो एका इंजेक्शनचा.

गुठळी विरघळवणारी औषधे गेली चार दशके आपल्याकडे आहेत. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या अभ्यासात सतरा हजारांहून अधिक रुग्ण होते. झटका आल्यावर नुसत्या ॲस्पिरिनने मृत्यूचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटले, आणि ॲस्पिरिनसोबत स्ट्रेप्टोकायनेज दिल्यावर ४२ टक्क्यांनी. ॲस्पिरिनची गोळी किती रुपयांना मिळते, हे वाचकांना ठाऊक आहे. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बोर्स्मा आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र करून वेळेचा हिशेब मांडला. हे औषध दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या तासात दिले, तर दर हजार रुग्णांमागे ६५ जीव जास्तीचे वाचतात. दुसऱ्या तासात दिले तर ३७. तिसऱ्यात २६. औषध तेच, माणूस तोच; एका तासाने फायदा जवळजवळ निम्मा.

पुढे टेनेक्टेप्लेज आले. हे वजनानुसार एकदाच, काही सेकंदांत शिरेतून देता येते; सलाईनला तासभर लावून बसावे लागत नाही. २०१३ च्या ‘स्ट्रीम’ अभ्यासात, ज्यांना तासाभरात अँजिओप्लास्टी मिळणे शक्य नव्हते अशा रुग्णांना हे इंजेक्शन रुग्णालयात पोहोचण्याआधीच दिले आणि मग मोठ्या केंद्रात पाठवले. थेट अँजिओप्लास्टीला नेलेल्यांच्या तुलनेत त्यांचे एकूण निकाल सारखेच आले. मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाण थोडे जास्त होते, म्हणून वृद्धांना निम्मी मात्रा देण्याचे ठरले. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की निदानापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळीचे इंजेक्शन द्या, आणि तेही निदानानंतर दहा मिनिटांत. रुग्णाला पुढे पाठवायचेच आहे, पण इंजेक्शन देऊन.

कवठे येमाई, टाकळी हाजी, मलठण या पट्ट्याला हा नियम लावून बघा. पुण्यात दोन तासांच्या आत फुगा फुगवला जाईल, अशी खात्री या पट्ट्यातल्या रुग्णाबद्दल मी तरी देणार नाही. म्हणजे या गावांसाठी योग्य उपचार पुण्यात सुरू होत नाही. तो तालुक्यात, शक्य तर त्याही अलीकडे सुरू व्हायला हवा.

तमिळनाडूने हे करून पाहिले आहे. तिथे छोटी रुग्णालये आणि एक मोठे केंद्र अशी जोडणी केली. छोट्या ठिकाणी ईसीजी आणि इंजेक्शन, मोठ्या ठिकाणी अँजिओप्लास्टी. २०१७ मध्ये ‘जामा कार्डिओलॉजी’त त्याचे निष्कर्ष आले. वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर उतरले. शंभरातले तीन-चार जीव म्हणजे थोडे वाटतील, पण तालुक्याच्या हिशेबाने दरवर्षी ती ओळखीची माणसे असतात. २०२३ मध्ये त्या राज्याने आणखी एक साधी गोष्ट केली: छातीत दुखणाऱ्या रुग्णाला पहिल्या डोसच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच द्यायच्या आणि मग पुढे पाठवायचे.

आमच्याकडे काय अडते? औषध महाग आहे, हे एक. पण राज्याच्या आरोग्यावरच्या एकूण खर्चात ती रक्कम मोठी नाही, आणि याच रुग्णाच्या अँजिओप्लास्टीचा खर्च महात्मा फुले योजनेतून शासन नाहीतरी उचलतेच. खरी अडचण भीतीची आहे, आणि ती मी जवळून पाहतो. इंजेक्शन दिल्यावर शंभरात साधारण एकाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तो एक रुग्ण आपल्याच पाळीत निघाला तर? नातेवाईक काच फोडतील, चौकशी लागेल, मोबाइलवर चित्रफीत फिरेल. त्यापेक्षा चिठ्ठी लिहून ‘पुढे न्या’ म्हणणे सुरक्षित. रुग्ण रस्त्यात गेला, तर त्याचा जाब कुणी विचारत नाही. इंजेक्शननंतर गेला, तर विचारतात. तरुण डॉक्टरांना याबद्दल दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. एकट्या एमबीबीएस डॉक्टरने रात्री तीन वाजता हा निर्णय एकट्याने घ्यावा, ही अपेक्षाच चूक आहे. ईसीजीचा फोटो मोबाइलवर पाहून ‘हो, द्या’ असे सांगणारा आणि आपले नाव कागदावर घालणारा वरिष्ठ फिजिशियन चोवीस तास उपलब्ध असला, की निम्मी भीती जाते. हा फिजिशियन शिरूरमध्ये असायची गरज नाही. तो पुण्यात असो वा नागपुरात, ईसीजी एका क्षणात पोहोचतो, त्याला धावपट्टी लागत नाही.

उरलेली भीती नातेवाईकांच्या हातात आहे. ‘हजारातल्या इतक्यांना वाचवते, शंभरात एकाला धोका’ हे त्यांना समजावून सही घ्यायला पाच मिनिटे लागतात. माझा अनुभव असा की आपली माणसे हे समजून घेतात. बी-बियाण्यापासून बाजारभावापर्यंत रोज जोखमीचा हिशेब करणाऱ्या शेतकऱ्याला शक्यता समजत नाही, असे मानणारे डॉक्टर मला कायम चकित करतात.

घरातला वेळही आपल्याच हातात आहे. चाळिशीनंतर छातीच्या मध्यभागी दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम आणि जीव घाबरणे यांतले काहीही वीस मिनिटांच्या वर टिकले, तर ते पित्त नाही असे धरून चाला. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कित्येकदा कळ येतच नाही. नुसती धाप, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे. सोडा पिऊन ढेकर आली म्हणजे हृदय ठीक आहे, असे होत नाही. १०८ ला फोन करा. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे. स्वतः मोटरसायकल चालवत किंवा मुलाच्या मागे बसून निघू नका. फोनवर डॉक्टरांनी सांगितले आणि ॲलर्जी किंवा पोटात रक्तस्रावाचा त्रास नसला, तर ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खा, गिळू नका. आणि कुठल्या रुग्णालयात जायचे, हे आजच ठरवून ठेवा. जिथे रात्री ईसीजी निघतो आणि वाचला जातो, ते जवळचे रुग्णालय. किलोमीटरने जवळ पण रात्री कुलूप असलेले रुग्णालय फार दूर असते.

शासनाकडे माझी मागणी छोटी आहे. लोकसंख्येनुसार तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा आपला जुना मापदंड. तो राहू द्या. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा लिहा: या गावातून छातीत दुखण्याचा फोन गेल्यापासून इंजेक्शन शिरेत जाईपर्यंत सरासरी किती मिनिटे लागली. गावनिहाय, दर तीन महिन्यांनी, आरोग्य केंद्राच्या फळ्यावर. नागपूर-पुणे नव्वद मिनिटे हे सगळ्या राज्याला कळले, कारण कुणीतरी घड्याळ लावून बसले होते.

आणि ग्रामसभेत विचारायला तीन प्रश्न. आपल्या आरोग्य केंद्रातले ईसीजी यंत्र चालू आहे का? त्यात घालायचा कागदाचा रोल शिल्लक आहे का? (हसू नका, यंत्रे कागदाअभावी पडून असतात.) आणि रात्री दोन वाजता ते लावणारे माणूस त्या इमारतीत झोपते का?